मालक कोण? अवजड यंत्राखाली सापडलेल्या मजुराचा इतिहास

सिपना नदीच्या काठचे सेमाडोह हे चिखलदरा तालुक्यातील गाव परतवाडा–धारणी मार्गावर, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात वसले आहे. पर्यटकांसाठी हा मार्ग सागवनाचा आणि व्याघ्रदर्शनाच्या आशेचा. मेळघाटातील कोरकूंसाठी तो कामावर जाण्याचा मार्ग आहे. खरीप आटोपले की अनेक कुटुंबे या घाटरस्त्याने खाली उतरतात, संत्र्यांच्या बागांत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर राबतात आणि होळीला घरी परततात.

या मजुराच्या एकाच वर्षात दोन भिन्न कायदेशीर जगे असतात. गावाजवळ रोजगार हमीचे काम निघाले तर तेथे ठेकेदार नसतो आणि यंत्रही नसते. १९७२ च्या दुष्काळात विस्तारलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्काची झाली. काम हातांना मिळावे म्हणून यंत्राला मज्जाव हे तिचे मूळ सूत्र होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही ठेकेदार आणि मजुराची जागा घेणारे यंत्र, दोहोंना बंदी घातली. अशा कामावर इजा झाली तर उपचार विनामूल्य, आणि रुग्णालयात राहावे लागल्यास किमान निम्म्या मजुरीइतका दैनिक भत्ता. रक्कम तुटपुंजी असेल; पण ती कोणाकडे मागायची, हे मजुराला ठाऊक असते. नाव मस्टरवर असते आणि मस्टर सरकारचे असते.

घाट उतरून तोच मजूर रस्त्याच्या किंवा पुलाच्या कामावर गेला की चित्र पालटते. तेथे टिप्पर, पोकलेन आणि क्रेन असतात. मुख्य कंपनी, तिचा ठेकेदार, त्याचा उपठेकेदार आणि शेवटी मुकादम अशी उतरंड असते. तेथे हात चिरडला गेला तर जखम किती खोल, हा दुसरा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न असतो, मालक कोण?

हा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो भोर घाटात. १८५३ मध्ये मुंबई–ठाणे रेल्वे धावल्यानंतर सह्याद्री ओलांडण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पुरे झाले. सुमारे पंचवीस किलोमीटरच्या चढावर पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ मध्ये, कामाच्या ऐन भरात, एकाच वेळी बेचाळीस हजारांच्या आसपास माणसे तेथे राबत होती. कड्यावरून दोरांनी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडणारी माणसे पडली, स्फोटांत गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक पटकीने मेली. मृतांचा आकडा सामान्यतः पंचवीस हजारांच्या घरात सांगितला जातो. तो अंदाज आहे. कारण मेलेल्यांची नावे लिहिणारी वहीच नव्हती.

पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल याने हे काम पोटकंत्राटदारांत वाटून दिले होते. थकलेल्या मजुरीवरून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला आणि त्याने काम सोडले. त्याच्यानंतर आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. पुढे त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिच्या नावावर कंत्राट राहून काम तडीस गेले. दंग्यानंतरच्या चौकशीत मजुरी मधल्या हातांत अडकत होती, हे उघड झाले. त्यातून १८६० मध्ये मालक-कामगार वादांचा कायदा आला. तो मजुरीच्या भांडणांपुरता होता, आणि काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही त्याच कायद्यात होती. पाय गमावलेल्या माणसाने कोणाकडे जावे, हे त्यात नव्हते.

तत्पूर्वी १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू आल्यास कुटुंबाला दावा लावता येईल, असे तो सांगत होता. पण दावा लावायचा दिवाणी न्यायालयात, निष्काळजीपणा सिद्ध करायचा विधवेने, आणि तोही रेल्वे कंपनीविरुद्ध! शिवाय विलायतेतून आलेला एक न्यायतत्त्वाचा अडसर मध्ये होता. १८३७ मध्ये इंग्लंडमधील एका खाटकाच्या गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला गेला. गाडी मोडली आणि तीवर बसलेल्या नोकराची मांडी मोडली. ज्यूरीने त्याला शंभर पौंड देवविले. वरिष्ठ न्यायालयाने ते नाकारले. सहकाऱ्याच्या चुकीचा धोका नोकराने नोकरी पत्करतानाच पत्करलेला असतो, असे तत्त्व या निवाड्यातून पुढे रूढ झाले. यंत्रयुगात जवळजवळ प्रत्येक अपघातात कोणा सहकाऱ्याचा हात असतोच. यारी चालवणारा सहकारी, दोर बांधणारा सहकारी, खूण करणारा सहकारी. म्हणजे मालक जवळजवळ नेहमीच सुटला. माल जास्त भरलेली ती गाडी लक्षात ठेवण्याजोगी आहे. ती वऱ्हाडात पुन्हा भेटणार आहे.

बदल आला तो १९२३ मध्ये. कामगार नुकसानभरपाई कायदा त्या वर्षी मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मध्यवर्ती विधिमंडळात तेव्हा कामगारांची बाजू मांडायला नारायण मल्हार जोशी होते. रायगड जिल्ह्यातील गोरेगावचे, भारत सेवक समाजाचे सदस्य, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक आणि आयटकच्या संस्थापकांपैकी एक असलेले जोशी पुढे १९२९ च्या शाही कामगार आयोगावरही होते. त्या आयोगाच्या अहवालानंतर १९३३ मध्ये या कायद्याची व्याप्ती वाढली.

या कायद्याने चूक कोणाची, हा प्रश्नच मागे सारला. इजा कामातून आणि काम चालू असताना झाली एवढे पुरेसे. मालकाने पैसे द्यावेत. १९३८ च्या स्वतंत्र कायद्याने ‘सहकाऱ्याची चूक’ हा बचावही रद्द केला. रक्कम मात्र मोजकी होती. प्रौढ मजुराच्या मृत्यूसाठी तीस महिन्यांची मजुरी किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी कमी असेल ती.

कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे. ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण तेथे मानवी देहाचे दरपत्रक आहे. अंगठा गेला तर कमाईची क्षमता तीस टक्के गेली. तर्जनी चौदा टक्के. मधले बोट बारा टक्के. एका हाताची चारही बोटे पन्नास टक्के. एक डोळा चाळीस टक्के. गवंड्याचा अंगठा आणि कारकुनाचा अंगठा येथे सारखाच. ही क्रूरता वाटते. पण या तक्त्यामागे एक शहाणपणही आहे. तक्ता नसता तर प्रत्येक बोटासाठी वकील लागला असता.

खरे शहाणपण त्यातील तीन कलमांत आहे. आठवे कलम सांगते की मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्ताकडे जमा करावी. कुटुंबाच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जाणार नाहीत. सतरावे कलम सांगते की हक्क सोडून देणारा कोणताही करार रद्दबातल आहे. आणि बारावे कलम सांगते की ठेकेदारामार्फत काम करवून घेणारा मूळ मालक भरपाईस जबाबदार आहे. त्याने आधी पैसे द्यावेत, मग वाटल्यास ठेकेदाराकडून वसूल करावेत. साइटवर अपघात झाल्यावर रातोरात कोऱ्या कागदावर अंगठा घेणे, प्रेतासोबत रोख रक्कम देऊन गाडी गावाकडे रवाना करणे, ‘तो आमचा माणूसच नव्हता’ असे म्हणणे, या तिन्ही युक्त्यांना १९२३ मध्येच उत्तर दिलेले होते. युक्त्या शंभर वर्षे टिकल्या, याचा अर्थ त्या कायद्याला अज्ञात होत्या असा नाही.

त्या काळात बांधकामावरची इजा बहुधा हाताच्या अवजाराची होती. खडी फोडताना डोळ्यात उडालेली कपची, ढासळलेली दरड, तुटलेली परांची. १९७० च्या दशकापासून यंत्रे वाढली आणि त्यांची नावेही भाषेत रुजली. ‘पोकलेन’ हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. ‘जेसीबी’ ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज उद्योजकाची आद्याक्षरे. त्याच्या कंपनीने १९७९ मध्ये हरियाणात उत्पादन सुरू केले आणि पुढील काही दशकांत हा पिवळा पंजा खेडोपाडी पोहोचला. आज मराठीत जेसीबी हे सामान्यनाम आहे.

यंत्राने इजेचे स्वरूप बदलले. कुदळीचा घाव एकाला होतो; क्रेनचा साखळदंड तुटला तर खालचे सगळे सापडतात. पोकलेनचा वरचा भाग जागच्या जागी गरकन फिरतो आणि मागच्या वजनाचा फटका चालकाला न दिसणाऱ्या बाजूला बसतो. मागे येणाऱ्या टिप्परच्या चालकाला चाकामागे बसलेला माणूस आरशात दिसत नाही. भरावाच्या कडेची माती भिजलेली असली की रोलर उलटतो. हे सारे ठाऊक असल्यामुळेच १९९८ च्या केंद्रीय नियमांत माती उचलणाऱ्या यंत्रांना मागे येतानाचा भोंगा, हाताचा व यांत्रिक ब्रेक आणि प्रखर दिवा असावा असे लिहिले आहे; उचल यंत्रांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी व्हावी, सुरक्षित भाराचा आकडा त्यांवर रंगवावा, असेही लिहिले आहे. भोंग्याची किंमत क्षुल्लक असते. त्याच्या आवाजाने मागचा माणूस उठतो आणि जिवंत राहतो. बांधकाम सुरक्षिततेतील बराचसा भाग असा अत्यंत नीरस आहे.

हे नियम ज्या कायद्याखाली आले तो इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा १९९६ चा. त्याच्यामागे दहा वर्षांहून अधिक काळाची मोहीम होती. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांचे हाल सर्वोच्च न्यायालयापुढे आले, त्यानंतर न्या. कृष्ण अय्यर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने स्वतंत्र कायद्याची मागणी लावून धरली. या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला आणि त्या पैशातून मजुरांसाठी मंडळे उभी केली. महाराष्ट्रातील मंडळ २०११ मध्ये स्थापन झाले. नोंदीत मजूर कामावर दगावला तर कुटुंबाला पाच लाख रुपये देण्याची त्याची योजना आहे.

‘नोंदीत’ हा शब्द येथे कळीचा. नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. तो ठेकेदाराने द्यावा, नाहीतर स्थानिक अधिकाऱ्याने किंवा ग्रामसेवकाने. ज्या ठेकेदाराला मजूर आपला नव्हे असे म्हणणे सोयीचे असते, त्याच्याकडूनच तो आपला असल्याचे लेखी मागायचे! आणि ठाण्यातील पुलावर राबलेल्या नव्वद दिवसांची ग्वाही मेळघाटातील ग्रामसेवक कोणत्या आधारावर देणार? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्या व्यवस्थेचा हिशेब मांडला. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर गोळा झाला होता. खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. त्यातही काही पैसा लॅपटॉप आणि धुलाई यंत्रांवर गेल्याचे त्याआधीच्या सुनावणीत उघड झाले होते. पैसा होता, मजूर होते; दोहोंना जोडणारे नाव कागदावर नव्हते.

स्थलांतरितांसाठी १९७९ चा आणखी एक कायदा होता. मजुराला पासबुक द्यावे. प्राणघातक अपघात वा गंभीर इजा झाल्यास ठेकेदाराने दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि नातलगांना कळवावे, असे तो सांगे. पण तो आंतरराज्य स्थलांतरितांचा कायदा होता. सेमाडोहचा मजूर सीमा ओलांडून बऱ्हाणपूर-खंडव्याला ठेकेदारामार्फत गेला तर त्याला हे संरक्षण लागू. पाचशे किलोमीटरहून दूर शहापूरला गेला तर नाही, कारण तो महाराष्ट्रातच आहे. कायद्याने अंतर मोजले ते राज्यांच्या हद्दींनी.

आता ती माल भरलेली गाडी. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. त्याचा मोठा भाग अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या वऱ्हाडी जिल्ह्यांतून जातो. २० ऑगस्ट २०२१ रोजी त्याच्या कामासाठी लोखंडी सळ्या नेणारे एक टिप्पर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजा तालुक्यातील तढेगावजवळ उलटले. सळ्यांसोबत सोळा मजूर बसलेले होते. तेरा मेले. उलटणाऱ्या गाडीत सळ्यांचा भारा माणसांवर येतो तेव्हा काय होते, याचे वर्णन करण्याची गरज नाही.

हा अपघात रस्त्यावरचा की कामावरचा? वरवर पाहता प्रश्न तांत्रिक आहे. भरपाई मात्र त्यावर ठरते. मूळ मालकाला जबाबदार धरणाऱ्या त्याच बाराव्या कलमात शेवटी एक पळवाट आहे. अपघात मूळ मालकाच्या ताब्यातील जागेवर किंवा तिच्या आसपास झालेला नसेल तर हे कलम लागू होत नाही. साइटच्या फाटकाच्या आत टिप्पर उलटले तर वरची कंपनी जबाबदार. सार्वजनिक रस्त्यावर उलटले तर तिला हात झटकण्याची मुभा मिळू शकते. मोटार वाहन कायद्याखाली स्वतंत्र दावा लावता येतो, पण दोहोंपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

फाटकाबाहेरच्या मजुराचे काय, यावर न्यायालये दीर्घकाळ घुटमळत राहिली. सौराष्ट्रातील मिठागराचे मजूर कामावरून परतताना नावेतून बुडाले. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाची हद्द फाटकापलीकडे काही अंतर वाढू शकते हे मान्य केले, पण त्या मजुरांना मात्र भरपाई नाकारली. पुढचे निर्णायक प्रकरण महाराष्ट्रातून गेले. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीसाठी निघाला असता कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात मेला. आयुक्ताने भरपाई दिली, उच्च न्यायालयाने ती रद्द केली, आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा बहाल केली. घर आणि कामाची जागा यांमधील प्रवासाचा कामाशी वेळ, स्थळ व परिस्थितीने संबंध जुळत असेल तर तो अपघात कामाचाच, असे न्यायालयाने म्हटले. निकालासाठी कुटुंबाला बावीस वर्षे थांबावे लागले.

याच महामार्गाच्या दुसऱ्या टोकाला, ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात, सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ ची रात्र संपून १ ऑगस्ट उजाडत असताना पुलाचे काम चालू होते. खांबांवर गर्डर बसवणाऱ्या यंत्राला लाँचर म्हणतात. दोन खांबांवर पाय रोवून उभा असलेला तो एक प्रचंड पोलादी सांगाडा असतो. तो काँक्रीटचे तुकडे उचलून जागी बसवतो आणि एक गाळा पुरा झाला की स्वतःच पुढच्या खांबावर सरकतो. शेकडो टनांचा तोल प्रत्येक टप्प्यावर नव्याने सांभाळावा लागतो. त्या रात्री तो सांगाडा खाली काम करणाऱ्यांवर कोसळला. वीस जण मेले. त्यांत अभियंतेही होते; बहुतेक मजूर उत्तरेकडील आणि पूर्वेकडील राज्यांतून आलेले. राज्य शासनाने पाच लाख आणि पंतप्रधान निधीतून दोन लाख जाहीर झाले, उपठेकेदारांविरुद्ध गुन्हा नोंदला गेला.

अशी जाहीर मदत आणि कायद्याची भरपाई एक नव्हेत, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मदत ही शासनाची कृपा; भरपाई हा मालकावरचा हक्क, आणि पहिलीने दुसरा संपत नाही. २०२० पासूनच्या पंधरा हजारांच्या वेतनमर्यादेने हिशेब केला तर तिशीतल्या मजुराच्या मृत्यूची भरपाई निम्मे वेतन गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होते. एका महिन्यात दिली नाही तर बारा टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड. मात्र हिशेब खऱ्या मजुरीवर होतो. हजेरीपटावर मजुरी कमी लिहिलेली असेल तर मृत्यूही स्वस्त होतो.

१९२३ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत आणि १९७९ व १९९६ च्या कायद्यांतील तरतुदी २०२० च्या दोन संहितांत सामावल्या गेल्या आहेत. पण मेळघाटाच्या दृष्टीने महत्त्वाची एक दुरुस्ती १९९५ मध्येच झाली होती. तोपर्यंत दावा अपघात जेथे झाला तेथेच लावावा लागे. म्हणजे शहापुरात दगावलेल्या मजुराच्या विधवेने ठाण्याच्या फेऱ्या माराव्यात. एकविसावे कलम बदलले आणि वारस जेथे राहतो तेथील आयुक्ताकडेही दावा दाखल करता येऊ लागला. सेमाडोहच्या कुटुंबासाठी ते ठिकाण अमरावती. घाट उतरून परतवाडा, तेथून पुढे, सुमारे शंभर किलोमीटर. मुदत अपघातापासून दोन वर्षांची. सोबत लागतात मृत्यूचा किंवा अपंगत्वाचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, वयाचा पुरावा आणि मजुरीचा कोणताही कागद. तो कागद नसेल तर त्याच गाडीतून कामाला गेलेल्या दुसऱ्या मजुराची साक्ष चालते. तो बहुधा शेजारच्याच घरातला असतो, आणि होळीला गावात असतो.